थांबायचं वचन

शरणपूरच्या चर्चमागच्या गल्लीत कुणाचं काही अडलं की लोक आधी सविताबाई साळव्यांचं दार वाजवायचे. मुलीला स्थळ आलंय, फ्लॅट इंदिरानगरला घ्यावा की गंगापूर रोडला, पोराला सायन्सला घालावं की कॉमर्सला, काहीही असो. चर्चच्या पाळकसाहेबांकडे नंतर. पाळकसाहेब काय, आज आहेत, उद्या बदली होऊन जातील. सविताबाई मात्र जागच्या जागी असायच्या, आणि त्यांचा डबाही.

डबा साधाच, बिस्किटांचा, पत्र्याचा, चौकोनी. झाकणावर बर्फाचे डोंगर आणि घसरगाडीवरची गोरी मुलं. त्यांची तोंडं घासून घासून केव्हाच गेलेली. आत पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, वचनांच्या गुंडाळलेल्या चिठ्ठ्या. सविताबाईंच्या सासूबाईंनी, रंगूबाईंनी, त्या जुन्या कॅलेंडरांतून आणि संडे स्कूलच्या कागदांतून कातरून जमवल्या होत्या. ख्रिस्ती घरांना अशा चिठ्ठ्यांचं नवल नाही. नव्या वर्षाच्या पहिल्या उपासनेला चर्चमध्येही जो तो एकेक उचलतो आणि वर्षभर पाकिटात बाळगतो. पण रंगूबाईंच्या डब्याची रीत कडक. आधी उपास, मग गुडघे टेकून प्रार्थना, आमेन झालं की डोळे मिटून उजव्या हातानं एकच चिठ्ठी. दुसरी काढायची नाही. देवाला पुन्हा विचारणं म्हणजे त्याच्या तोंडावर अविश्वास दाखवणं, असं त्या म्हणायच्या.

आता चिठ्ठीत काही ‘सायन्स घे’ असं लिहिलेलं नसतं. तिथं मेंढरं असतात, द्राक्षवेल असते, खडक असतो, दिवा असतो. त्यातून अर्थ काढायचा तो सविताबाईंनी. आणि काय काढायच्या हो! राजू गायकवाडला सिन्नरच्या कारखान्यात नोकरी मिळत होती आणि त्याची आई लांब नको म्हणून अडून बसली होती. चिठ्ठी निघाली मेंढरांची आणि हिरव्या कुरणाची. सविताबाई म्हणाल्या, “जा बाबा सिन्नरला, तिकडं शेतीच शेती आहे.” राजू गेला, टिकला, सुपरवायझर झाला, आणि वर सविताबाईंच्याच मुलीला, स्नेहलला मागणी घातली. त्या वेळीही डबा काढला. द्राक्षवेल निघाली. राजूची आत्या पिंपळगावला द्राक्षबागेत कामाला जायची. झालं, आणखी काय पाहिजे! चर्चमधली माणसं हसली, पण मानलंही सगळ्यांनी.

एरवी बाई आपल्यासारखीच. शाळेत मुलींना शिवण शिकवून निवृत्त झालेल्या, घरी ब्लाउज शिवायच्या. जिभेला तिखट, शब्दाला पक्क्या, उपासनेला पहिल्या बाकावर. प्रार्थना करायला उभ्या राहिल्या की पोरं चुळबुळ करायची, कारण ह्या काही लवकर आमेनला येत नसत. नवरा, किशोरराव, सातपूरला फिटर होते. त्यांचं भक्तीशी बेताचंच. ते म्हणायचे, “सविता, प्रार्थना तू कर, आमेन मी म्हणतो. कामाची वाटणी झाली की नाही?”

तीन वर्षांपूर्वी ह्याच किशोररावांना जिना चढताना धाप लागायला लागली. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या वाहिन्या तुंबल्यात, बायपास करावं लागेल, लांबवू नका. किशोरराव घरी आले, गप्प जेवले, आणि कापडी पिशवीत टॉवेल, लुंगी, दात घासायचा नवा ब्रश भरून पिशवी दाराच्या खुंटीला अडकवून ठेवली. त्यांचं ठरलं होतं. सविताबाईंचं मात्र नाही. छाती मधोमध कापतात, हे त्यांनी ऐकलं होतं आणि ते डोळ्यांपुढून जात नव्हतं. त्या म्हणाल्या, “अहो, आधी देवाला विचारू या.”

विचारलं. चिठ्ठी निघाली ती परमेश्वराची वाट पाहणाऱ्यांची. थकल्याभागल्यांना तो नवं बळ देतो, अशा अर्थाची. सविताबाईंचा जीव भांड्यात पडला. “बघा! थांबायचं आहे. बळ तोच देणार आहे, सुरी कशाला?”

किशोररावांनी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. मग उठून पिशवीतला टॉवेल आणि लुंगी काढून दोरीवर टाकली.

“ब्रश राहू दे पिशवीत,” ते म्हणाले. “लागला तर.”

मग काय, थांबले. चर्चमध्ये साखळी प्रार्थना झाली, घराघरांतून एकामागून एक माणसं किशोररावांसाठी गुडघ्यावर बसली. त्यांना बरंही वाटायला लागलं, निदान ते तसं म्हणायचे. सविताबाईंनी भर उपासनेत उभं राहून साक्ष दिली की डॉक्टरांनी घाबरवलं होतं, पण प्रभूनं माझ्या घरच्यांना ऑपरेशनशिवाय उभं केलं. सगळ्या मंडळीनं हालेलुया म्हटलं. त्यानंतरच्या एका बुधवारी किशोरराव गोदाकाठच्या बाजाराला गेले, मेथीची जुडी निवडायला वाकले, आणि तिथंच कोसळले. भाजीवालीनं तोंडावर पाणी मारलं. काही उपयोग झाला नाही.

माती द्यायला अख्खं शरणपूर आलं होतं. चर्चच्या भगिनी मंडळाच्या संध्याबाईंनी सविताबाईंचे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, “मावशी, वचन खरंच ठरलं बघा. किशोरभाऊ आता कधीच थकणार नाहीत. प्रभूची इच्छा.”

खरं तर त्या क्षणी सविताबाईंना बोंब मारावीशी वाटली. प्रभूची इच्छा कशाची? माणूस पिशवी भरून तयार होता हो! पण शेजारी स्नेहल उभी होती. ते ‘प्रभूची इच्छा’ ऐकून पोरीच्या चेहऱ्यावर जरासा विसावा आला, हे त्यांनी पाहिलं. त्या मूग गिळून बसल्या. सगळा घोळ तिथं झाला.

त्यानंतरची दोन वर्षं कशी गेली ते सविताबाईंनाच ठाऊक. बाहेरून सगळं तसंच. पहिला बाक तोच, पांढरी साडी तीच, गायनाचं पुस्तक तेच. फक्त ओठ हलायचे, आवाज निघायचा नाही. घरी गुडघे टेकले तर गुडघे दुखायचे, बाकी काही व्हायचं नाही. प्रभू म्हणून हाक मारली की वाटायचं, रिकाम्या खोलीत कुणाला तरी चहा विचारतोय आपण. मशीनवर बसल्या की मनात तेच ते फिरायचं. एक तर तू बोललास आणि मला फसवलंस. नाही तर तू बोललाच नाहीस, आणि मी आयुष्यभर माझ्याशीच बोलत आले. ह्यातलं कुठलंही एक खरं असलं तरी पुढं जगायचं कशाच्या जोरावर? शिवण उसवायची, पुन्हा घालायची. असंच मरून गेलं तर बरं, असंही पुष्कळदा वाटायचं, आणि त्याचीही भीती वाटेनाशी झाली होती.

लोक यायचे थांबले असतील म्हणता? छे! उलट वाढले. सविताबाई म्हणायच्या, “माझा हात थरथरतो, तुम्हीच काढा. अर्थही तुम्हीच बघा.” तर लोकांना वाटलं, दुःखानं मावशी आणखी नम्र झाल्या! त्यांचा मान वाढला. डबा खोटा आहे असं एकदा तोंडातून निघालं की मग किशोरराव कशानं गेले, हे सांगावं लागणार. ते सांगायची छाती नव्हती. मग डबा कपाटावर राहिला आणि येणारे येत राहिले.

स्नेहल इंदिरानगरला राहते. गेल्या नोव्हेंबरात, चर्चमधला हंगामाचा सण होऊन गेल्यावर, ती नाताळच्या ब्लाउजचं माप द्यायला आईकडे आली. हा त्या मायलेकींचा दरवर्षीचा नेम. माप जुनं असलं तरी सविताबाई नव्यानंच घ्यायच्या, तेवढीच पोर जवळ उभी राहते म्हणून.

“हात वर कर. बारीक झालीस गं. राजू जेवायला घालत नाही का?”

स्नेहल हसली. सविताबाईंनी टेप पाठीमागून पुढं आणला, आणि डाव्या काखेजवळ त्यांची बोटं थांबली. गाठ. सुपारीएवढी, टणक. स्नेहलनं पटकन अंग चोरलं.

“हे काय आहे?”

“काही नाही गं आई.”

“काही नाही काय! मी आयुष्यभर बायकांची मापं घेतलीत. कधीपासून आहे?”

स्नेहलनं ओढणी सावरली. चेहरा अगदी शांत.

“पावसाळ्याच्या सुरुवातीपासून. डॉक्टरीणबाईंना दाखवली होती. त्या म्हणाल्या, सुई घालून तपासू, बहुतेक काढावी लागेल. मग मी तुझा डबा काढला. तू भगिनी मंडळाला गेली होतीस तेव्हा. उपास केला होता आई, सगळं तू शिकवलंस तसं. आणि तुला सांगू? बाबांचंच वचन निघालं. तेच, वाट पाहणाऱ्यांचं. मी किती रडले तिथं बसून. म्हटलं, बाबांना दिलेलं वचन देवानं मला दिलं.”

सविताबाईंनी विचारलं, “राजूला माहीत आहे?”

“नाही. तो लगेच दवाखान्यात घेऊन जाईल.”

“मग नेऊ दे की!” सविताबाई ओरडल्या.

“असं काय करतेस? तूच म्हणतेस ना, एकदा विचारलं की पुन्हा विचारायचं नाही?”

आता बोलणं भाग होतं. बोललं तर पोरीचा बाप तिच्यासाठी दुसऱ्यांदा मरणार होता, ह्या वेळी देवाच्या इच्छेशिवाय. नाही बोललं तर पोरच जाणार होती. सविताबाईंनी डबा कपाटावरून खाली घेतला आणि मशीनच्या फळीवर आपटला.

“ऐक. तुझे बाबा ह्या वचनानं नाही गेले. माझ्या भीतीनं गेले. ऑपरेशन करू नका असं त्या चिठ्ठीत कुठं लिहिलं होतं? दवाखान्यात पडून वाट पाहता येत नाही का देवाची? मला त्यांची छाती कापलेली सोसवणार नव्हती. मी त्या कागदावर माझी भीती वाचली आणि तिला देवाचा आवाज म्हटलं. ते पिशवी भरून बसले होते, स्नेहल. मी त्यांना ती रिकामी करायला लावली.”

स्नेहलनं विचारलं, “म्हणजे बाबा जगले असते?”

“असते कदाचित.”

“आणि तू साक्ष दिलीस. सगळ्यांसमोर उभी राहून. आणि नंतर दोन वर्षं तोंड मिटून बसलीस! मी रोज म्हणत होते, देवानं नेलं, देवानं नेलं. आता कशावर विश्वास ठेवू मी? तू सांग ना, तुला तर सगळे अर्थ लावता येतात!”

स्नेहलनं पर्स उचलली आणि ती गेली. टेप जमिनीवर पडून राहिला.

त्यांनी राजूला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. राजूनं बायकोची नाना परीनं समजूत घातली. ती ऐकेना. म्हणाली, आईचं मन खचलंय, ती काहीही बोलते. देवाचं वचन खरं की खचलेल्या बाईचं बोलणं खरं? खरंच, पोरीनं तरी काय करावं? लहानपणापासून तिला एकच शिकवलं होतं, आणि आता शिकवणारीच म्हणत होती, ते पूस.

रविवारी उपासनेत साक्षीची वेळ आली तशा सविताबाई उठल्या. दोन वर्षांनी उठत होत्या, म्हणून मंडळी कौतुकानं सावरून बसली. मागच्या बाकावर राजू आणि स्नेहल होते.

“मी इथंच उभी राहून एक साक्ष दिली होती,” सविताबाई म्हणाल्या. “ती मी परत घेते. ती खोटी होती. माझा नवरा माझ्यामुळं गेला. माझ्याकडे डबा काढायला कुणी येऊ नका. देव मला काय सांगतो ते मला कळत नाही. आधीही कळत नव्हतं, मी कळल्यासारखं करत होते.”

आणि बसल्या. आमेन नाही, हालेलुया नाही. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि खालच्या आवाजात पुढचं गायन सांगितलं. बाहेर आल्यावर कुणी सलाम केला, कुणी वाट बदलली. संध्याबाई जवळ येऊन म्हणाल्या, “मावशी, सैतान माणसाला असाच पाडतो हो. तुम्ही उपास धरा.”

“असेल बाई,” सविताबाई म्हणाल्या. “पाडलंच असेल. आता आणखी खाली कुठं जाणार?”

फाटकापाशी स्नेहल उभी होती. डोळे सुजलेले. आईकडे न बघता तिनं विचारलं, “कधी जायचं डॉक्टरकडे?”

तपासणी झाली. गाठ साधी नव्हती. डॉक्टरीणबाई वाईट बोलल्या नाहीत, पण एवढं म्हणाल्या की तेव्हाच आला असतात तर गोष्ट वेगळी होती. आता ऑपरेशन करू, पुढची औषधं देऊ, मग बघू. मग बघू! माणसानं ह्या दोन शब्दांवर किती दिवस जगावं? परतताना रिक्षात स्नेहलनं आईचा हात धरला नाही, आणि सविताबाईंनीही धरायचं धाडस केलं नाही. मुलीचा राग त्यांना वाजवी वाटत होता. स्वतःचा देवावरचा राग वाजवी आहे की नाही, हे मात्र त्यांना आताशा ठरवता येत नव्हतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी नाचणीचे लाडू वळले. स्नेहलला लहानपणापासून आवडतात. ठेवायला धड डबा सापडेना, म्हणजे होते डबे, पण हात कपाटावरच गेला. सविताबाईंनी चिठ्ठ्या एका ओंजळीत काढल्या. फेकवेनात. एक उलगडली, वाचली. वचन चांगलंच होतं, त्याचा काही दोष नव्हता. त्यांनी त्या सगळ्या एका पातेल्यात ओतून ठेवल्या, डबा घासून पुसून कोरडा केला आणि लाडू भरले. मग खुंटीवरची पिशवी घेतली. तळाशी किशोररावांचा ब्रश होता, वेष्टनातला, तसाच. तो हातात धरून त्या जमिनीवर बसल्या आणि धाय मोकलून रडल्या. माती दिली त्या दिवशीही एवढ्या रडल्या नव्हत्या. ब्रश पुन्हा पिशवीत ठेवला. लागला तर.

सकाळी वॉर्डात स्नेहल हिरवा झगा घालून पलंगावर बसली होती. डबा बघून तिचा चेहरा एकदम उतरला, आणि मग त्यात काहीतरी आशाही आली. तिनं झाकण उघडलं.

“लाडू?”

“हो. आत्ता नाही हं खायचे. शुद्धीवर आलीस, डॉक्टरांनी हो म्हटलं, की मग.”

स्नेहल झाकणावरच्या तोंड गेलेल्या मुलांवरून बोट फिरवत बसली. राजू खाली सह्या करायला गेला होता. “आई,” ती म्हणाली, “काय होईल गं?”

आयुष्यभर हा प्रश्न लोकांनी सविताबाईंना विचारला होता, आणि दर वेळी त्यांच्याकडे काहीतरी असायचं. मेंढरं, वेल, खडक.

“माहीत नाही बाळा,” त्या म्हणाल्या.

स्नेहल रडेल असं त्यांना वाटलं. ती रडली नाही. किती दिवसांनी तिनं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि म्हणाली, “बरं.”

मग ट्रॉली आली. सविताबाई चप्पल फटफटवत लेकीचा हात धरून तिच्याबरोबर चालत गेल्या, लिफ्टपर्यंत, वरच्या मजल्यावर, लांबलचक बोळातून. काचेच्या दाराशी सिस्टरनं हात आडवा केला. “मावशी, इथपर्यंतच.” दोघींचे हात सुटले. दार हलत हलत बंद झालं.

सविताबाई त्या दारासमोर उभ्या राहिल्या. गुडघे टेकले नाहीत, डोळे मिटले नाहीत. राग तर होताच, काही कमी झाला नव्हता. तरी दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्याला आवाज काढून हाक मारली.

“प्रभू, मला काही सांगू नकोस. मला कळत नाही तुझं. पण मला ह्या दाराच्या पुढं सोडत नाहीत. तू जा.”